वजन टाकून पाहताना

श्रोतेहो, भिवंडीहून वाड्याकडे निघालं की अंबाडी नाका लागतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाणारी मंडळी तिथून वळतात. त्यामुळे पुष्कळांना नाका माहीत असतो, गाव माहीत नसतं. त्या गावात माझं घर आहे. पावसाळा सरता सरता नाक्यावरच्या एका ओळखीच्या दुकानदाराचा फोन आला, ‘चाचा, तुमच्या नावाचं पार्सल येऊन पडलंय. हलकंच आहे, पण आत लोखंडाचं काहीतरी वाजतंय.’

पार्सलवर नाव माझं होतं, माल मात्र धाकट्या लेकीचा होता. तिनं ओटीवर बसून खोकं उघडलं. आतून निळ्या आणि काळ्या पट्ट्यांचा एक गुंता निघाला. एक रुंद पट्टा, त्याला खाली जोडलेले दोन गोल पट्टे, मधे एक जाड कडी, बाजूला काही फासे आणि बकलं. बैलांच्या जुंपणीतलं सामान असावं तसं ते दिसत होतं. तिची आई म्हणाली, ‘हे कुठल्या जनावराचं गं?’

‘माझं,’ लेक म्हणाली.

तो हार्नेस होता. कातळ चढणारे लोक कमरेला आणि मांड्यांना बांधतात तो पट्टा. चढणाऱ्याचा दोर त्यालाच बांधलेला असतो. माणूस निसटला तर दोर त्याला धरतो असं आपण म्हणतो, पण दोर माणसाला धरत नाही. दोर हार्नेसला धरतो आणि हार्नेस माणसाला.

हे पार्सल घरात येण्याला मीच कारणीभूत होतो. ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

मी बी.ए. झालो आणि भिवंडीत एका यंत्रमाग कारखान्यात लागलो. कविता तेव्हाही लिहीत होतो, पण कवितेवर चूल पेटत नाही. माझं काम कापड तपासण्याचं. मागावरून उतरलेला ताका टेबलावर पसरायचा, उजेडात धरायचा आणि दोष शोधायचे. कुठे ताण्याची तार तुटली आहे, कुठे वीण विरळ झाली आहे, कुठे तेलाचा डाग आहे. अशी वर्षं काढली की डोळ्यांना एक खोड लागते. लग्नात बसलो तरी मी पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहण्याआधी सदऱ्याची वीण पाहतो.

लेकीला कॉलेजात असताना डोंगरांचा नाद लागला. आधी नुसतं भटकणं होतं, पुढे दोर घेऊन कातळ चढणं सुरू झालं. तिच्या गटाकडे दोन-तीन हार्नेस होते. ज्याची पाळी असेल त्यानं घालायचा. एका रविवारी ती त्यातला एक धुवायला म्हणून घरी घेऊन आली आणि दोरीवर वाळत घातला. मी सहज हातात घेतला. कापड हातात आलं की मी तपासतोच. ज्या जागी दोर ओवतात, तिथे पट्ट्यावर लव आली होती. अगदी बारीक, पीच फळाच्या सालीवर असते तशी. बोटानं दाबलं तर ती जागा बाकी पट्ट्यापेक्षा मऊ लागली. शिवणीतले दोन-तीन टाके उसवलेले होते.

कापडाला लव येते याचा अर्थ वरचे तंतू तुटले आहेत. त्याखालचे शाबूत असतील, नसतीलही. मी तिला बोलावून दाखवलं. इथवर मी जे केलं ते बरोबरच होतं.

त्यानंतर जे केलं ते सांगायला जरा लाज वाटते. मी म्हटलं, ‘असल्या पट्ट्यावर तुला मी कुठेही जाऊ देणार नाही. आता हे चढणं बंद.’ माझी काळजी खरी होती, पण ती पट्ट्यापुरती नव्हती. मला ते चढणंच नको होतं. कितीतरी दिवस मी एखादं कारण शोधत होतो आणि ते मला वाळत घातलेलं सापडलं. नातेवाईक विचारायचे, ‘मुलगी डोंगरावर काय करते?’ त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता एक सोपं उत्तर मिळालं होतं, की सामान धोक्याचं आहे, म्हणून बंद केलं.

लेक वाद घालत बसली नाही. तिनं तो हार्नेस गटात नेऊन दाखवला. तिथल्या अनुभवी मुलानं तो पाहिला आणि सरळ कात्रीनं कापून टाकला. बाद झालेला हार्नेस नुसता फेकायचा नसतो. उचलून कुणीतरी वापरेल, म्हणून कापायचा असतो. हे मला तेव्हा कळलं. मग दोन महिने तिनं शिकवणीचे पैसे साठवले आणि नवा मागवला. माझा नकार तिनं असा रोख पैसे मोजून विकत घेतला.

श्रोतेहो, हार्नेसचं कापड म्हणजे नवार. आपल्याकडे खाटेला विणतात ती सुती नवार आणि ही, दोन्हींची जात एकच, रुंदीला कमी आणि घट्ट विणलेली पट्टी. फरक सुताचा. इथे नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे तंतू असतात. नायलॉन जन्मलं १९३५ साली, अमेरिकेत, वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. त्याआधी डोंगर चढणारे अंबाडी-घायपातासारख्या झाडांच्या वाखाचे दोर वापरत. आमच्या गावाचं नाव अंबाडी आणि दोराचंही एक झाड अंबाडी, हा माझ्यासारख्याला कवितेला बरा योगायोग, पण वाखाचा दोर झटका सोसत नाही. तो ताणला न जाता तुटतो. नायलॉन ताणलं जातं आणि पडणाऱ्याचा झटका बराचसा पिऊन टाकतं.

आणखी एक गंमत सांगतो. मागावर ताण्याचे धागे वरखाली करणाऱ्या ज्या चौकटी असतात, त्यांच्या संचालाही इंग्रजीत हार्नेसच म्हणतात. म्हणजे हा शब्द मी तीस वर्षं ऐकत होतो. तो माझ्या लेकीच्या कमरेला येईल हे माहीत नव्हतं.

पण मांड्यांना पट्टे कशाला हवेत? दोर कमरेला बांधला तर पुरत नाही का? याचं उत्तर मला पुस्तकातून शोधावं लागलं नाही. मी चौदा वर्षांचा असताना आमच्या विहिरीत पोहरा पडला. वडिलांनी माझ्या कमरेला दोर बांधला आणि चुलत्यांच्या मदतीनं मला खाली सोडलं. कडेच्या पायऱ्यांवर पाय असेपर्यंत ठीक होतं. मग पाय सुटले. दोर कमरेवरून सरकून बरगड्यांखाली आला आणि श्वासच अडकला. ओरडायलाही हवा उरली नाही. वर ओढेपर्यंत फार तर एक-दोन मिनिटं गेली असतील. काखेत आणि पोटावर उमटलेले वळ मात्र आठवडाभर होते.

जगभरचे गिर्यारोहक कितीतरी वर्षं अगदी असेच, कमरेला दोर बांधून चढत होते. पाय टेकलेले असतील तोवर चालायचं. अधांतरी लटकण्याची वेळ आली की दोर छातीवर चढायचा, आणि तशा माणसाला लवकर सोडवलं नाही तर तो गुदमरून मरायचा. पुढे लोक पट्ट्यांचे फास करून त्यात बसू लागले. १९७० साली अन्नपूर्णेच्या दक्षिण भिंतीवर ब्रिटिश मोहीम गेली. तिच्यासाठी डॉन व्हिलन्स या गिर्यारोहकानं बसता येईल असा हार्नेस तयार करवून घेतला. तो स्वतः आणि डुगल हॅस्टन त्या मोहिमेत शिखरावर पोचले. तो हार्नेस पुढे खूप वापरला गेला. आजच्या हार्नेसचं तत्त्वही तेच आहे, की वजन कमरेवर एकट्यावर पडू नये, मांड्यांनी ते वाटून घ्यावं. माणूस लटकू नये, बसावा.

आता पार्सलकडे येतो. मला वाटलं होतं, नवा आणला म्हणजे झालं. लेक म्हणाली, ‘नाही अब्बा. नवा हार्नेस आधी जमिनीजवळ घालून, लटकून बघायचा असतो. कातळावर गेल्यावर कळलं की टोचतोय, तर तिथे बदलता येत नाही.’

मागच्या अंगणात चिंचेचं झाड आहे. शेजारी आंबाही आहे आणि त्याची फांदी हाताशी आहे. पण आंब्याची फांदी न सांगता मोडते, चिंच चिवट. जाडजूड फांदीभोवती तिनं पट्ट्याचा वेढा घातला, त्यात कुलुपाची कडी अडकवली आणि दोर खाली सोडला. जमीन पायांपासून हातभर. त्याखालीही तिनं गादी टाकली.

मग तिनं हार्नेस चढवला आणि मला एकेक गोष्ट दाखवत गेली. मीही ताका तपासावा तसं पाहत गेलो. कमरपट्टा नितंबाच्या हाडांच्या वर हवा, पँटच्या पट्ट्याच्या जागी नको. आवळल्यावर तो खाली ओढून हाडांवरून उतरता कामा नये. आत सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. मांड्यांचे पट्टे गुडघा वर घेताना अडवू नयेत. बकलातून आलेलं पट्ट्याचं टोक निदान चार बोटं बाहेर उरलं पाहिजे. बाजूचे फासे फक्त सामान अडकवण्यासाठी असतात, माणसाचं वजन त्यांच्यावर चुकूनही टाकायचं नाही. पुढची जाड कडी, जिला ही मंडळी बिले लूप म्हणतात, ती मात्र खरी. युरोपीय मानकाप्रमाणे ती १५ किलोन्यूटन ताण सोसणारी असावी लागते. मी विचारलं, म्हणजे किती? ती म्हणाली, दीड हजार किलोचं वजन टांगल्यासारखं.

‘मग ती तुटायचं कारणच नाही,’ मी म्हटलं.

‘नव्याला नाही,’ ती म्हणाली.

त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो. तिनं मला तीन हकिगती सांगितल्या. त्या मी पुढे स्वतः वाचूनही पाहिल्या.

पहिली १८६५ सालची. आल्प्समधल्या मॅटरहॉर्नवर माणसाचं पहिलं पाऊल पडलं त्या दिवसाची, १४ जुलैची. सात जण उतरत होते. एक घसरला, त्याच्याबरोबर आणखी तिघं ओढले गेले आणि मधला दोर तुटला. चौघं गेले, तिघं वाचले. तुटलेला दोर त्यांच्याजवळच्या दोरांतला सगळ्यात कच्चा होता. चांगला दोर जवळ असताना तो वापरला गेला होता.

दुसरी १९८९ सालची. लिन हिल ही त्या काळातली जगातली अव्वल चढणारी. फ्रान्समध्ये ती एका सोप्या कातळावर अंग मोकळं करायला चढत होती. दोर हार्नेसमध्ये ओवला, गाठ पुरी करायच्या आधी लक्ष बुटांकडे गेलं, वर जाकीट होतं म्हणून गाठ दिसली नाही. ती वरपर्यंत चढली आणि उतरण्यासाठी दोरावर रेलली. दोर निसटून आला. बऱ्याच उंचीवरून पडली. झाडाच्या फांद्यांनी झेललं म्हणून वाचली. पुढे १९९३ मध्ये तिनं एल कॅपिटनचा ‘नोज’ नावाचा मार्ग दोराचा आधार न घेता, हातापायांच्या बळावर चढून दाखवला. तोवर तसा तो कुणीच, पुरुषानंही, चढला नव्हता. दोर होता, पण फक्त पडलं तर धरायला.

तिसरी २००६ सालची. टॉड स्किनर हा अमेरिकेतला नामांकित गिर्यारोहक योसेमिटीतल्या एका कड्यावरून दोरानं उतरत होता. त्याच्या हार्नेसची तीच पुढची कडी तुटली आणि तो गेला. ती झिजली होती. झिजली आहे हे त्याच्या सोबत्यानं पाहिलं होतं, त्याला सांगितलंही होतं. त्यानं नवा हार्नेस मागवला होता.

ही तिसरी गोष्ट ऐकताना मी काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांसमोर दोरीवर वाळत घातलेला तो पट्टा होता. नवा मागवलेला असणं आणि जुना अंगातून उतरवलेला असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तिन्ही हकिगतींत नवं, धडधाकट सामान तुटलेलं नाही. कच्चा दोर घेतला गेला, गाठ अर्धी राहिली, झिजलेली कडी चालवून घेतली. चुकली ती नजर. आणि चुकलेल्यांत नवखा कुणी एकटा नाही, मुरलेली माणसंही आहेत. तपासायचं काय ते त्यांना माहीत होतं, पण तेवढ्या एका वेळी राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक म्हणाली, ‘अब्बा, आता तुम्ही बसा.’

मी हसण्यावारी नेलं. पोट दाखवलं. पण तिनं तेही गंभीरपणे घेतलं. म्हणाली, ‘पोट मोठं आणि कंबर सपाट असेल त्यानं असा हार्नेस घालून कातळावर जाऊच नये. उलटा झाला तर निसटू शकतो. लहान मुलांचंही तसंच. त्यांना खांद्यावरून येणारा, पूर्ण अंगाचा लागतो. पण तुम्ही हातभर उंचीवर नुसते बसणार आहात. मी इथेच आहे.’

तिनं पट्टे सैल करून मला तो चढवला. लहानपणी मी तिच्या बुटांचे बंद बांधत असे, तशी ती गुडघे टेकून माझी बकलं आवळत होती. आठाची गाठ घातली, उलट फिरवून पुरी केली आणि म्हणाली, ‘आता तुम्ही तपासा.’

‘मला काय कळतंय?’

‘गाठीत दोन-दोन दोर बरोबरीनं जाताहेत का बघा. तुटलेली तार शोधता तसं.’

मी पाहिलं. पाच ठिकाणी दोर जोडीजोडीनं चालला होता, कुठेही एकटा नव्हता. बकल ओढून पाहिलं. मग बिस्मिल्ला म्हटलं आणि गुडघे वाकवले.

श्रोतेहो, वजन टाकणं ही सोपी गोष्ट नाही. माझे पाय जमीन सोडेनात. हात वरचा दोर घट्ट धरून बसले. लेक म्हणाली, ‘हात सोडा, बसा. हातांनी धरलंत तर हार्नेस कसा आहे ते कळणार कसं?’ मी हळूहळू सोडलं. पट्टे करकरले. मांड्यांवर दाब आला, कमरेला टेकू मिळाला आणि श्वास चालू राहिला. विहिरीतला तो चौदा वर्षांचा मुलगा इतक्या वर्षांनी दोराला लटकून नीट श्वास घेत होता.

तिनं मला तीन-चार मिनिटं तसंच बसवलं. पाय हलवत राहायला सांगितलं. हालचाल न करता फार वेळ लटकलं तर पायांत रक्त साकळतं आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो, चांगल्या हार्नेसमध्येसुद्धा. डावीकडचा पट्टा थोडा वळल्यासारखा वाटला, तो मी सांगितला, तिनं सरळ केला. स्वयंपाकघराच्या दारातून बायको पाहत होती. तिनं एकच विचारलं, ‘उतरता येईल ना?’

उतरल्यावर मी लेकीला म्हटलं, ‘त्या दिवशी मी पट्ट्याचं नाव पुढे केलं. मला तू जाऊच नको होतीस.’

ती हार्नेसची घडी घालत होती. म्हणाली, ‘माहीत होतं. पण लव खरी होती ना?’

पाऊस ओसरला की आमच्याकडून पूर्वेला माहुलीची रांग दिसू लागते. १६३६ मध्ये मुघलांच्या वेढ्यात शहाजीराजांनी ज्या किल्ल्याचा आसरा घेतला होता, तोच हा माहुली. त्याच्या डोंगराला सुळके फुटलेत आणि लोकांनी त्यांना नवरा, नवरी, भटजी अशी वऱ्हाडातली नावं दिलीत. एकाचं नाव वजीर. भिंतीसारखा उभा. डिसेंबरात लेकीचा गट तिथे जाणार होता.

निघायच्या आदल्या रात्री तिनं सामान ओटीवर मांडलं आणि मी चष्मा लावून बसलो. दोर तळहातातून पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत ओढून पाहिला, कुठे फुगवटा किंवा मऊपणा लागतो का. हार्नेसची प्रत्येक शिवण दिव्याखाली धरली. गाडीच्या बॅटरीजवळ ठेवू नकोस म्हटलं, कारण बॅटरीतल्या आम्लानं नायलॉन आतून सडतं आणि वरून पत्ता लागत नाही. उन्हात वाळत घालू नकोस म्हटलं. यातलं बरंचसं तिला माझ्याआधी माहीत होतं. तिनं ऐकून घेतलं.

ती गेली तो दिवस मी कसा काढला ते सांगत नाही. संध्याकाळी फोन आला, खाली उतरलो, सगळे ठीक. रात्री उशिरा ती घरी आली, जेवली आणि झोपली. हार्नेस ओटीवर खुंटीला होता. मी तो काढला, दिव्याजवळ नेला आणि दोर ओवायच्या जागेवरून बोट फिरवलं. कातळाची धूळ होती. ओल्या फडक्यानं पुसली. लव नव्हती.

आता हे माझं काम झालं आहे. ती कुठूनही आली की आधी पट्टा माझ्याकडे येतो. कधीतरी त्याच्यावरही लव येईल. ती दिसली की त्याच दिवशी मी कात्री काढीन, आणि नव्याचे पैसे या वेळी मी देईन, असं तिला सांगून ठेवलं आहे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)